खांबेटे मास्तरांची गोल पेशी

खांबेटे मास्तर पहिल्याच दिवशी माझ्या मनातून उतरले आणि पुढं कधी वर चढले नाहीत. मांडवीच्या आमच्या घराच्या पडवीतल्या दोन खोल्या त्यांनी बिऱ्हाडाला घेतल्या. बैलगाडीतून एक ट्रंक, एक पाट आणि स्वतःच्या नावाची रंगवलेली पाटी एवढं सामान आलं. गाडी अजून धड उभी राहिली नव्हती तोच, 'पाटीला खिळा कुठं मारू?' म्हणून विचारणा. पाटीवर 'भास्कर खांबेटे' बारीक अक्षरात आणि 'शास्त्रशिक्षक' हातभर. शेजारपाजारचे लोक त्यांना शास्त्रीबुवा समजून मुहूर्त विचारायला यायचे, आणि हा गृहस्थ मुहूर्त सांगायचासुद्धा.

मी आनंदी. सोळाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आले, आणि तेव्हापासून आलवण नेसून हे घर चालवते आहे. माझा धाकटा भाऊ परशुराम कोर्टात कारकून. दिवसभर साहेबापुढं वाकायचं आणि घरी आलं की ताठ व्हायचं, असा त्याचा व्यायाम. त्याची बायको लवकर गेली. त्यांची एकुलती एक हेमा मी वाढवली. घर माझ्या हातात होतं, निकाल परशुरामाच्या हातात, आणि परशुरामाची अक्कल कायम कुणाकडं तरी गहाण. मास्तर आल्यापासून ती त्यांच्याकडं होती.

मास्तर मूळचे आंजर्ल्याचे. बापानं हौसेनं पुण्याला कॉलेजात धाडलं, तिथं इंटरला आपटले, परत बसले, परत आपटले. ही हकीकत ते 'प्रकृतीनं साथ दिली नाही' अशी सांगत. मग इकडंतिकडं शिकवण्या केल्या, लग्न झालं, बायको माहेरी गेली ती परतली नाही. त्या बाईच्या शहाणपणाचं मला नेहमी कौतुक वाटत आलं आहे. रत्नागिरीतल्या एका शाळेनं त्यांना ठेवून घेतलं, कारण शाळेला शास्त्र शिकवायला माणूस मिळत नव्हता आणि मास्तरांकडं कोट होता. आमच्याकडं जेवायला बसले की पहिल्या घासापासून 'आम्ही कॉलेजात असताना' सुरू. ताक येईस्तोवर त्यांचं कॉलेज काही संपायचं नाही.

त्यात शाळेनं सूक्ष्मदर्शक आणला. पितळी नळी, खाली गोल आरसा, मध्ये काचपट्टी ठेवायला जागा. डोळा लावला की बारीक वस्तू मोठी दिसते, एवढंच ते यंत्र, पण मास्तरांनी त्याचा देव केला. त्याला आपल्या सोवळ्याच्या जुन्या रेशमी कदात गुंडाळून ठेवायचे. पोरांनी हात पाठीमागं बांधून, नळीला न शिवता, एकेकानं वाकून बघायचं आणि पुढं सरकायचं. रोज संध्याकाळी ते यंत्र बगलेत मारून घरी आणायचे, का तर शाळेतल्या दमट हवेनं भिंगाला बुरशी येईल. आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. भिंतीवर मीठ फुटायचं आमच्या.

हेमा त्याच शाळेत मॅट्रिकच्या वर्गात होती आणि तिला डॉक्टरीण व्हायचं होतं. हे तिनं मला सांगितलं होतं, बापाला नाही. शास्त्र सुरू झालं तशी ती चुलीपाशी बसून मला सगळं सांगायची. एक दिवस म्हणाली, "आत्ये, आपण सगळे सेलचे केलेले आहोत."

ओटीवरून परशुराम ओरडला, "सेल बॅटरीत असतात गो!"

"बॅटरीतले नव्हेत हो, बाबा. पेशी," हेमा म्हणाली, आणि मग मला नीट समजावून दिलं. घर जसं जांभ्याच्या चिऱ्यांचं, तसं जिवंत असेल ते सगळं पेशींचं. अळूचं पान, माशी, बैल, माणूस, सगळं. चिरा आतून भरीव असतो, पेशी मात्र इवल्याशा खोलीसारखी. झाडाच्या पेशीला भोवती भिंत असते, आत चिकट जिवंत रस, आणि त्या रसात एक ठिपका, त्याला केंद्र म्हणायचं. पेशीचा सगळा कारभार त्या केंद्राच्या हुकमानं चालतो. पेशी वाढते, तिच्या दोन होतात, दोनांच्या चार होतात, म्हणून बाळाचं माणूस होतं. "म्हणजे तुझ्या जखमेवर कातडी येते ना, ती अशीच," ती म्हणाली. विळीनं कापलेल्या माझ्या बोटाकडं मी बघितलं. मला ते फार आवडलं, खोटं कशाला सांगू.

हे सगळं पुस्तकात होतं आणि मास्तर ते पुस्तकातून घडाघडा वाचायचे. घोटाळा यंत्रापाशी व्हायचा. पुस्तकात लिहिलं होतं, कांद्याचा आतला पापुद्रा घ्या, पाण्याच्या थेंबात ठेवा, वर पातळ काच घाला आणि बघा. चित्रही होतं, रांगेनं मांडलेल्या विटांसारख्या पेशी, प्रत्येकीत एक ठिपका. पण हा धडा नेमका निघायचा आषाढाच्या शेवटी. कांदेनवमी होऊन गेलेली, चातुर्मास लागलेला. मास्तर कांद्याला हात लावणार कुठून? ते तर त्याचं नावही घेत नसत. 'कृष्णावळ' म्हणायचे, आणि तेही नाक मुरडून. वर्गात त्यांनी सांगून टाकलं, "ते चित्र कृष्णावळीचं आहे. आपल्याला त्याच्याशी कर्तव्य नाही. आपण सात्त्विक वस्तू घेऊ." आणि अळूच्या देठाची साल काढून काचपट्टीवर ठेवली, पाणी घातलं, आणि वरची काच अंगठ्यानं टप्पकन दाबून बसवली.

पोरांनी बघितलं. काळ्या जाड कडेची गोल गोल वर्तुळं. "हीच पेशी," मास्तर म्हणाले. "गोल. काळी कड म्हणजे तिची भिंत." सगळ्या वर्गानं वर्तुळं काढली. शाळेत यंत्र आल्यापासून जेवढे वर्ग त्यांच्या हाताखालून गेले तेवढ्यांनी वर्तुळंच काढली होती. इतकी पोरं गोल पेशी डोक्यात घेऊन जगात गेली, आणि ह्या माणसाला कधी शंका आली नाही की पुस्तकात ठिपका आहे तो ह्या वर्तुळात का नाही.

हेमानं वर्तुळं काढली नाहीत. त्या वर्तुळांच्या मागं तिला फिकट लांबट विटा दिसल्या, पुस्तकातल्यासारख्या, आणि तिनं त्या काढल्या. मास्तरांनी विचारलं, वर्तुळं कुठं? ती म्हणाली, "मास्तर, तुम्ही काच जोरात दाबलीत की वर्तुळं जास्त होतात. अळूत असती तर कमीजास्त कशी झाली असती?"

दुसरा कुणी असता तर विचारात पडला असता. मास्तर घरी येऊन परशुरामाच्या कानाशी लागले. मुलीची दृष्टी अधू आहे, म्हणाले. साऱ्या वर्गाला दिसतं ते तिला दिसत नाही, नसलेलं दिसतं. पुढं शिकवलीत तर चष्मा लागेल, आणि शास्त्राला तर तिचा काही उपयोगच नाही.

परशुराम हादरला. चष्म्याची मुलगी कोण करून घेणार! गुहागरचं एक स्थळ सांगून आलं होतं. पोफळीच्या बागा, मुलगा बिजवर, पण खाऊनपिऊन सुखी. आधी परशुराम मॅट्रिक होऊ दे म्हणत होता. आता म्हणाला, "आक्का, मास्तर काय उगाच सांगतील? येत्या गुरुवारी गुहागरचे लोक येताहेत. मी होकार देऊन मोकळा होतो. शाळा पुरे." हेमा ऐकत होती. ती रडली नाही, नुसती जेवायची थांबली. त्या पोरीला ताटावरून उठताना पाहून माझ्या अंगाची लाही झाली.

रविवारी परशुराम देवळात गेला. मी भांडी घासायला येणाऱ्या राहीला परसात गाठलं आणि म्हटलं, घरून एक कांदा आणून दे.

"कांदा? तुमाना?" राहीचे डोळेच मोठे झाले. "आनि सरावनात? बरा हाय न्हवं जीव तुमचा?"

"हळू बोल, आणि जा."

तिनं पदराखालून कांदा आणला. माझ्या हाताला कांदा लागला नव्हता त्याला किती वर्षं झाली असतील ती असोत. विधवेला तो बारा महिने वर्ज्य. मी तो विळीवर धरला आणि चिरला. काही आकाश कोसळलं नाही. डोळ्यांना पाणी आलं ते कांद्याचं.

मग मी मास्तरांच्या दारात जाऊन उभी राहिले. "मास्तर, यंत्र बाहेर ओटीवर आणा. उजेडात."

"आनंदीबाई, आज रविवार—"

"पोरीच्या जन्माचं तुम्ही वाटोळं करायला निघालात. रविवार काय सांगता?"

माझा आवाज ऐकून त्यांनी यंत्र आणलं. श्रावणातलं ऊन, आत्ता आहे तर आत्ता नाही. हेमानं आरसा फिरवून उजेड धरला. कांद्याचा पापुद्रा बोटाला जाणवणार नाही इतका पातळ. तो पाण्याच्या थेंबात पसरला, ठिपक्यांना रंग चढावा म्हणून जखमेवर लावायचं टिंक्चर आयोडीन जरासं पाण्यात कालवून त्याचा थेंब सोडला. वरची काच तिनं एका कडेवर टेकवली आणि सुईच्या टोकावर तोलून हळूहळू खाली सोडली. एकही वर्तुळ नाही. मी डोळा लावला. विटाच विटा, एकीला एक लागून, आणि प्रत्येकीत एक पिवळट ठिपका. जिला आयुष्यभर 'बायकांना काय कळतं' ऐकावं लागलं तिला त्या दिवशी चांगलं कळत होतं. मी मास्तरांना म्हटलं, बघा.

मास्तर नाकाला उपरणं लावून वाकले. "बरोबर आहे," ते म्हणाले. "मी म्हटलंच होतं. कृष्णावळ तामसी. तामसी वस्तूच्या पेशी चौकोनी असतात, सात्त्विकाच्या गोल."

मी कपाळाला हात लावला. हेमा शांत होती. परसातून तिनं अळूचा देठ आणला, तसाच पापुद्रा काढला, तसाच आयोडीनचा थेंब, तशीच काच हळू सोडली. अळूतही त्याच विटा, जरा लांबट, त्याच भिंती, तेच ठिपके. मास्तरांनी बघितलं. "कांद्याचे हात लावलेत तुम्ही अळूला," ते म्हणाले. "विटाळलं ते. दुसरं काय दिसणार?"

असला माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. मी म्हटलं, "मास्तर, आता तुम्ही करा. तुमच्या सोवळ्या हातानं. काचपट्टीवर काही ठेवू नका, नुसता पाण्याचा थेंब. वर काच घाला, तुम्ही शाळेत घालता तशी."

त्यांनी घातली. टप्प. डोळा लावला. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. तोंड उघडं राहिलं ते मिटेना. हेमानं बघितलं, मग मी. नुसत्या पाण्यात काळ्या कडेची गोल गोल वर्तुळं, हवी तेवढी. हेमानं सुईनं काच जराशी दाबली तर त्यांतलं एक सरकत सरकत कडेला गेलं आणि नाहीसं झालं.

"बुडबुडे आहेत, मास्तर," हेमा म्हणाली. "काचेखाली अडकलेली हवा."

"घावनाला जाळी पडते ना, तसली," मी म्हटलं. "इतकी वर्षं वारा शिकवलात पोरांना."

मास्तर उपरण्यानं भिंग पुसायला लागले. हेमा मात्र तेवढ्यावर थांबली नाही. तिला त्यांना हरवायचं नव्हतं, दाखवायचं होतं. वेडी पोर. म्हणाली, "मास्तर, गालाच्या आतून बोटानं जरा खरवडा आणि इथं टेकवा." मास्तरांनी निमूटपणे केलं. ह्या वेळी काच त्यांनीच सोडली, हेमानं दाखवली तशी, कडेवर टेकवून. आत पातळ पातळ चकत्या दिसत होत्या, वेड्यावाकड्या कडांच्या, विटांसारख्या नव्हेत. "माणसाच्या पेशीला झाडासारखी ताठ भिंत नसते," हेमा सांगत होती, "नुसतं नाजूक आवरण असतं. पण ठिपका आहे बघा, मधोमध." मास्तर वाकून बघत राहिले. ऊन गेलं, परत आलं, तरी ते बघतच होते. पन्नाशीला आलेला शास्त्रशिक्षक पहिल्यांदा पेशी बघत होता, आणि तीही स्वतःच्याच तोंडातली. मला एक क्षण त्यांची कीव आली आणि लगेच त्या कीवेचाच राग आला.

तेवढ्यात परशुराम देवळातून आला. त्याला आधी कांद्याचा वास आला आणि मग विळी दिसली.

"आक्का! श्रावणात कांदा? आणि तू चिरलास?" तो ओरडला. "आणि हे काय मांडलंय? हिच्या नादानं तूही..."

मी सांगायला सुरुवात केली तर त्यानं मला थांबवलं. हेमा बोलायला गेली तर तिला थांबवलं. आमच्या दोघींच्या डोळ्यांनी काय पाहिलं ह्याची त्या घरात किंमत नव्हती. तो मास्तरांकडं वळला आणि हात जोडून म्हणाला, "मास्तर, तुम्ही सांगा. मुलीची दृष्टी अधू आहे की नाही? तुम्ही सांगाल तसं मी करतो. गुरुवारी होकार द्यायचा तर आत्ताच देतो."

आता झालं असं की पोरीचा जन्म त्या माणसाच्या जिभेवर येऊन टेकला. 'तामसी' म्हटलं असतं तरी परशुरामानं मान डोलावली असती. 'विटाळ' म्हटलं असतं तरी. मास्तरांनी तपकिरीची डबी काढली, उघडली, परत मिटली. हेमाकडं बघितलं. मग घसा खाकरून कोट सारखा केला.

"परशुरामपंत," ते म्हणाले, "मुलीचे डोळे उत्तम आहेत. इतके उत्तम डोळे मी पाहिले नाहीत. खरं सांगायचं तर मी वर्गात मुद्दाम बुडबुडे दाखवले. परीक्षा पाहत होतो, कोण फसतो आणि कोण नाही. सगळा वर्ग फसला. ही एकटी फसली नाही."

मी विळी भिंतीकडं सरकवली.

"आणि कांदा?" परशुराम म्हणाला.

"कांदाही मीच सांगितला," मास्तर म्हणाले. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा त्याचं नाव घेतलं. "शास्त्राला लागतो. आनंदीबाईंनी माझ्या सांगण्यावरून केलं. मुलीला पुढं शिकवा. आम्ही कॉलेजात असताना अशी मुलं आम्हाला दिसली नाहीत. माझ्या हाताखाली तयार झाली ती."

परशुरामाचा चेहरा असा फुलला, जसा काही त्यानंच शोध लावला. "अहो, आधी का नाही बोललात! मास्तर, तुमची परीक्षा म्हणजे... आक्का, ऐकलंस ना?"

माझ्या जिभेवर जे आलं होतं ते ऐकलं असतं तर मास्तरांनी तसंच बैलगाडीतून आंजर्लं गाठलं असतं. मुद्दाम! परीक्षा! हाताखाली! पण परशुराम त्यांच्या शब्दावर हलला होता आणि त्यांच्या शब्दाखाली सुरुंग लावला की तो परत गुहागरच्या वाटेला लागला असता. ज्या माणसाचा शब्द फुटक्या कवडीच्या लायकीचा नाही, त्याच शब्दावर पोरीची नाव तरायची होती. मी दात आवळले.

"ऐकलं," मी म्हटलं. "मास्तरांचे उपकार आहेत."

गुरुवारी गुहागरचे लोक पोहे खाऊन परत गेले. पुढच्या सालापासून मास्तर शाळेत काच कडेवर टेकवून हळू सोडायला लागले, आणि ही पद्धत आपली स्वतःची आहे असं मुलांना सांगायला लागले. हेमा मॅट्रिक झाली, शास्त्रात पहिली. शाळेच्या समारंभात मास्तरांनी भाषण केलं. मी गेले नाही. माझं डोकं दुखत होतं, आणि ते समारंभ संपेपर्यंत दुखायचं थांबणार नव्हतं.

मे महिन्याच्या अखेरीला, आगबोटी बंद व्हायच्या आधी, ती मुंबईला निघाली, गिरगावात मामाकडं राहून कॉलेजात जायला. बंदरावर आम्ही सगळे होतो. परशुरामाचे कोर्टातले दोघेतिघे आले होते. मास्तर हार घेऊन आले होते आणि नवा कोट घालून. आगबोट लांब उभी होती, तिच्याकडं नेणारी होडी भरत होती. परशुरामाच्या एका सोबत्यानं विचारलं, "मुलीला शास्त्राची गोडी लावली कुणी?" परशुरामानं लगेच मास्तरांना पुढं केलं.

"आमच्याच हाताखालची," मास्तर म्हणाले. "डोळा आम्हीच तयार केला तिचा."

हेमानं माझ्याकडं बघितलं. तिच्या ओठावर सगळं आलेलं मला दिसत होतं. मीच वाढवलेली ती, खोटं गिळायची सवय मी तिला लावली नव्हती. एका वाक्यात झालं असतं. चार माणसं उभी होती, ऐकायला तयार होती, आणि तिच्या ट्रंकेच्या कडीवर अजून परशुरामाचा हात होता.

"बघत काय राहिलीस?" मी म्हटलं. "वाक. मास्तरांच्या पाया पड."

तिचे डोळे भरले. ती वाकली, त्यांच्या पायांना हात लावला, उठली, आणि होडीत जाऊन बसली.